अब्रू पोरीची की गावाची?

आमच्या तालुक्यातील एका गावी मागल्या महिन्यात मारुतीच्या पारावर दहापंधरा वजनदार मंडळी जमली, आणि तालुक्याच्या ठिकाणी बायांनी चालविलेल्या एका लहानशा मदतसंस्थेच्या कोणाही बाईला गावात थारा देऊ नये, असे ठरवून मोकळी झाली. कारण काय? तर ह्या बाया घरे मोडतात, पोरींना फितवितात आणि गावची अब्रू कोर्टाच्या वेशीला टांगतात. त्याच बैठकीत असेही ठरले की, ज्या घरच्या पोरीने फिर्याद दिली त्या घरी लग्नकार्यास जाऊ नये आणि त्यांचे दळण गिरणीवर घेऊ नये. हा ठराव कागदावर लिहिण्याचे धैर्य मात्र एकालाही झाले नाही. कारण सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा ह्या राज्यात २०१६ साली झाला असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, एवढे पारावरच्या मंडळींस पक्के ठाऊक होते. म्हणजे कायदा समजतो, तो फक्त पाळावयाचा नाही!

गावाचे नाव आम्ही देत नाही. ते दिले तर पोरीचे नाव दिल्यासारखेच होईल, आणि अत्याचार सोसलेल्या बाईची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. शिवाय हे गाव कोणतेही असू शकते. वाचकांनी आपापल्या वेशीकडे पाहावे.

ही संस्था म्हणजे काय बला आहे ते आधी सांगितले पाहिजे, कारण तिच्याविषयी बोलणारे पुष्कळ आणि तिचा जिना चढून गेलेले थोडे. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. पाच बाया आहेत. त्यांतली एक सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका, एक वकिलीची परीक्षा दिलेली, एक शिवणकाम करून पोट भरणारी, आणि दोघी शेतकऱ्यांच्याच घरच्या. एक टेबल, एक गादी, एक पाण्याचा माठ, आणि कुलूप लागणारे एक कपाट. त्या कपाटात कागद असतात. बाई येते, बसते, कधी तासभर काहीच बोलत नाही. तिला कोणी 'का गेली होतीस, कोणत्या वेळेस गेली होतीस, कोणते कपडे होते' असे विचारीत नाही. ती बोलेल ते ऐकतात, आणि मग पुढे काय काय करिता येते हे सांगतात. फिर्याद द्यावी की न द्यावी हे सज्ञान बाई स्वतः ठरविते. पोर अठराच्या आतली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेथे पोलिसांस कळविणे कायद्याने सर्वांवरच बंधनकारक आहे, आणि हे त्या बाया पहिल्याच भेटीत आईबापांस स्पष्ट सांगतात. ही संस्था पोलीस नव्हे, कोर्टही नव्हे. ती निवाडा करीत नाही. ती फक्त सोबत जाते.

सोबत जाणे ह्यात काय मोठेसे, असे ज्यास वाटते त्याने एकदा फौजदारी कज्जात गरिबाच्या पोरीचे काय होते ते पाहावे. पहिले दार दवाखान्याचे. कायदा असा की, सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक दवाखान्याने अशा बाईवर ताबडतोब व फुकट उपचार केले पाहिजेत. नाकारले तर दवाखान्याच्या चालकास शिक्षा आहे. प्रत्यक्षात आमच्या मायबहिणींस 'आधी पोलिसाची चिठ्ठी आणा' म्हणून परत लावितात, आणि ती बिचारी परत जाते. इकडे घरची माणसे तिला न्हाऊ घालतात, कपडे धुऊन टाकितात, आणि पुरावा ओढ्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. शरीरावरचा पुरावा साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतो. कपडे न धुता कोरडे करून कागदात बांधून न्यावेत, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नयेत. ही गोष्ट आमच्या किती घरांतून ठाऊक आहे? 'दोन बोटांची तपासणी' म्हणून जो किळसवाणा प्रकार डॉक्टर लोक करीत असत, तो बाईच्या मानाला धक्का लावणारा आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले, आणि २०२२ साली तर तो करणारा गैरवर्तनाचा दोषी धरावा असे बजाविले. हे डॉक्टरला तोंडावर सांगणारे माणूस पोरीच्या शेजारी उभे असणे, ह्याचे नाव सोबत.

दुसरे दार ठाण्याचे. 'ही आमची हद्द नव्हे, त्या ठाण्यात जा' ही ओळ सर्वांच्या परिचयाची आहे. कोणत्याही ठाण्याने फिर्याद घेतलीच पाहिजे आणि मग ती योग्य ठाण्याकडे पाठविली पाहिजे, असा आता स्पष्ट कायदा आहे. बाईचा जबाब बाई अंमलदाराने घ्यावयाचा. लहान मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तेथे, आणि अंमलदाराने गणवेश न घालता घ्यावयाचा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. तिसरे दार कोर्टाचे, आणि ते सर्वांत जड. तारखेमागून तारीख पडते. प्रत्येक तारखेस पोरीच्या आईचा रोज बुडतो, एसटीचे भाडे जाते, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीचे नातेवाईक समोरच बसून पानसुपारी खात डोळे वटारतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बापाच्या मनात येते की, मिटवावे झाले. पुष्कळ खटले कोर्टात मरत नाहीत, ते ह्या व्हरांड्यात मरतात. त्या व्हरांड्यात संस्थेची एक बाई पोरीच्या आईजवळ डबा उघडून बसते. आम्ही तिला तशी बसलेली पाहिली आहे. घर मोडणारी बाई अशी दिसत नाही.

आता इतिहासाकडे वळू, कारण आमच्या पक्षाचे लोक सभेत जोतीरावांच्या तसबिरीस हार घालितात आणि घरी येऊन पारावरच्या ठरावास मान डोलवितात. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झाला. त्याच्या दहा वर्षे आधी, १८६३ साली, जोतीराव व सावित्रीबाई ह्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढिले होते. फसविलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. नाव-गाव सांगण्याची सक्ती नाही. समाज, ग्रंथ, मोर्चा ह्यांच्या आधी काय झाले, तर एक दार उघडले गेले. हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

ते दार का उघडावे लागले? गोवंडे ह्या जोतीरावांच्या मित्राच्या घरी एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. एका शास्त्र्याने तिला नादी लावून गरोदर केले आणि मग कानांवर हात ठेविले. तिने लाजेपोटी जन्मलेल्या मुलास मारले. शास्त्रीबोवा मोकळे राहिले, आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या काळच्या शिष्टांनी तिला कुलटा म्हटले असेल. जोतीरावांनी मात्र विचारिले की, तिला जावयास दुसरी जागा कोठे होती? १८८४ साली त्यांनी लिहून ठेविले आहे की, तोवर ३५ गरोदर विधवा त्यांच्या घरी येऊन बाळंत झाल्या. मुले फारशी जगली नाहीत, कारण गर्भ पाडण्यासाठी आधीच विषारी औषधे दिलेली असत. अशाच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोगी आणता आणताच सावित्रीबाईंनी १० मार्च रोजी देह ठेविला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या घरात आलेल्या विधवा बहुतेक ब्राह्मणांच्या होत्या. माळ्याच्या घरच्या ह्या दांपत्याने 'ही आमच्या जातीची नव्हे, हिचे तिच्या जातवाल्यांनी पाहावे' असे म्हटले नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली, तिला निमित्त झाले ते सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेच्या खटल्याचे. आणि ताराबाई मराठा घराण्यातल्या. बाईचे दुःख जातीच्या तराजूत न तोलणे हा आमच्या चळवळीचा मूळचा वारसा आहे.

आज आम्ही काय करितो? आधी आरोपीची जात विचारितो, मग पोरीची. आरोपी परजातीचा निघाला की गावचे रक्त उसळते. मोर्चा, निवेदन, बंद. २०१६ साली कोपर्डीच्या पोरीसाठी लक्षावधी माणसे मूकपणे रस्त्यावर उतरली आणि उतरली हे योग्यच झाले. असे पाप पाहून जो उठत नाही तो माणूस कसला? पण आमचा प्रश्न सरळ आहे. आरोपी भावकीतला निघाला, म्हणजे ती माणसे कोठे जातात? सरकारी गुन्हेनोंदीप्रमाणे बलात्काराच्या शंभरांतील नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा बाईच्या ओळखीचाच असतो. चुलता, मावसा, शेजारी, मुकादम, शिकवणीचा मास्तर, ज्याच्या शेतावर रोजाने जातो तो मालक. अंधारात झुडपामागून येणारा परका माणूस गोष्टीतच फार. म्हणजे हिशेब असा झाला की, शंभरांतले थोडे गुन्हे आमच्या मोर्चाच्या वाट्यास येतात आणि बाकीचे आमच्या गप्प बसण्याच्या.

जोतीरावांच्या वेळी पापी शास्त्रीबोवा होता म्हणून त्याच्यावर आसूड ओढणे आम्हांस गोड वाटते. आज तोच मनुष्य आमच्या फेट्यात, आमच्या पंक्तीत, आमच्या सोसायटीच्या संचालक मंडळावर बसला आहे. आसूड आता कोणी धरावयाचा?

ऊसतोडीच्या टोळ्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. पण बोललेच पाहिजे. उचल घेऊन नवराबायको कोयत्यास बांधली जातात, पोर सोबत येते, आणि फडाकाठी दार नसलेल्या कोपीत निजते. पहाटेच्या अंधारात आईबाप तोडीस गेले की ती धाकट्या भावंडांजवळ एकटी. कोणी वाटेस गेले तर सांगावे कोणास? मुकादमाला सांगावे तर उचल अंगावर आहे, गावाकडे सांगावे तर गाव दोनशे मैल दूर, ठाण्यात जावे तर भाषा आणि हद्द दोन्ही परक्या. ह्या धास्तीनेच पोरी तेराव्या-चौदाव्या वर्षी उजविल्या जातात. लोक म्हणतात, कुणब्याला शिक्षणाची चाड नाही. चाड आहे, पण पोरीला सुरक्षित ठेवण्यास दुसरी जागा नाही.

मग पारावरचा नेहमीचा तोडगा येतो, 'त्याच्याशीच लावून द्या, दोन्ही घरची अब्रू राहील.' ज्याने पोरीला ओरबाडले त्याच्याच घरी तिला जन्मभर भाकऱ्या थापावयास धाडणे, हा तोडगा ज्या डोक्यांतून निघतो त्यांना अब्रू ह्या शब्दाचा अर्थ विचारावा. कायद्यातही त्याला जागा नाही. हा गुन्हा आपसांत मिटविता येत नाही, आणि पोर अठराच्या आतली असेल तर ते लग्न लावणारे भटजी, मामा आणि मांडवाचे यजमान हे सर्व बालविवाहाचे आणखी एक कलम अंगावर घेतात. दुसरा तोडगा पैशाचा. लाख-दीड लाख बापाच्या हातावर ठेवावेत आणि गप्प करावे. गरीब बाप घेतोही; त्याला दोष देण्यास आमची जीभ उचलत नाही. दोष पैसे मोजून देणाऱ्या हातांचा आणि मध्यस्थी करून चहा पिणाऱ्या तोंडांचा.

आता पोलीस व न्यायाधीश पूर्वीपेक्षा बरे वागत असतील, तर ते आपोआप झालेले नाही. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या ठाण्यात एका आईबाप नसलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या आदिवासी पोरीवर दोन शिपायांनी अत्याचार केला. तिचे नाव कायद्याच्या पुस्तकांतून छापलेले आहे. आम्ही छापणार नाही. खालच्या कोर्टाने शिपाई सोडले, नागपूरच्या उच्च न्यायालयाने त्यांस शिक्षा दिली, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले; अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, सबब तिची राजी असली पाहिजे! ठाण्याच्या चार भिंतींत, रात्रीच्या वेळी, शिपायापुढे एक मजूर पोर ओरडली नाही म्हणून ती राजी. १९७९ साली वसुधा धागमवार, लतिका सरकार, उपेंद्र बक्षी व रघुनाथ केळकर ह्या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस उघडे पत्र लिहिले, गावोगावच्या बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. ताब्यातल्या बाईने 'माझी राजी नव्हती' असे सांगितले तर कोर्टाने तसेच धरून चालावे, असे तेव्हापासून झाले. ह्याच चळवळीतून मुंबईस संस्था निघाल्या. १९८४ साली पोलिसांच्याच आवारात बायांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र निघाले. ही नावे आम्ही अशासाठी देतो की, आमच्या तालुक्यातल्या दोन खोल्या हे कोणा पाच बायांच्या डोक्यातले खूळ नसून त्याला दीडशे वर्षांची ओळ आहे.

'खोट्या केसी फार होतात, सरकारी पैशासाठी होतात,' असे काहीजण म्हणतात. सरकारी पैसा म्हणजे २०१३ साली सुरू झालेली मनोधैर्य योजना. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते आणि तिच्यात कमाल १० लाख रुपयांपर्यंत मदत आहे. आपल्या पोरीचे नाव ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात आणि पारावर नेऊन, तिचे लग्न अडवून घेऊन, चारसहा वर्षे तारखा खाऊन, मग मिळाली तर मिळेल अशा मदतीसाठी शेतकरी बाप खोटे रचतो असे ज्यास वाटते, त्याने शेतकरी पाहिलेला नाही. मात्र एक गोष्ट खरी आहे आणि ती लपविणे आमच्या स्वभावात नाही. २०१२ च्या कायद्याने राजीखुशीचे वय १६ वरून १८ झाले. तेव्हा सतरा वर्षांची पोर आपल्या मनाने एखाद्याबरोबर निघून गेली तरी तेच कलम लागते, आणि पोरगा खालच्या जातीचा असला म्हणजे बापाच्या हातात ते कलम काठीसारखे येते. अशा वेळी ह्याच बाया बापाला तोंडावर सांगतात की, तुमचा राग जातीचा आहे, अत्याचाराचा नव्हे. म्हणून दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर रागावलेले आहेत. आमच्या मते ही त्यांच्या बाजूची साक्ष आहे.

शिक्षकवर्गास आमचे दोन शब्द. अध्यापक विद्यालयात आम्हांस पाठाची टाचणे काढण्यास शिकविले, फळा कसा पुसावा हेही शिकविले. पण नेहमी हसणारी चौथीतली पोर एकाएकी मुकी झाली, आंघोळ टाळू लागली, विशिष्ट वाटेने घरी जाण्यास नकार देऊ लागली, तर काय करावे हे कोणी शिकविले नाही. ते आता शिकून घेणे भाग आहे. मुलावर अत्याचार झाल्याचे कळूनही जो पोलिसांस कळवीत नाही त्यास सहा महिने, आणि संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत कैद आहे. 'सरपंच रागावतील, बदली होईल' ही सबब कोर्टात चालत नाही. आमच्या धंद्यातल्याच एखाद्याचे नाव निघाले तर शाळेचे नाव जाईल म्हणून झाकणारे मुख्याध्यापक आम्ही पाहिले आहेत. ती शाळा नव्हे. पोरीला ठाण्यात व कोर्टात साथ देण्यासाठी बालकल्याण समिती साहाय्यक व्यक्ती नेमून देते; ती मागून घ्यावी. मुलांचा दूरध्वनी १०९८, बायांचा १८१. हे दोन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात सुविचाराच्या जागी महिनाभर राहू द्यावेत, सुविचार काही रुसणार नाही.

संस्थेचे चालते कशावर? थोडी वर्गणी, थोडे शिवणकाम, आणि त्या परिचारिकाबाईच्या निवृत्तिवेतनातला वाटा. मध्यंतरी एका बड्या पुढाऱ्याकडून मोठ्या देणगीचा निरोप आला होता. अट एवढीच की दारावर त्यांच्या तसबिरीची पाटी लागावी. बायांनी नको म्हणून कळविले. उद्या त्याच पुढाऱ्याच्या पुतण्याविरुद्ध कोणी पोर आली, तर तिने त्या पाटीखालून आत कसे यावे? हा विचार त्यांना सुचला ह्याबद्दल आम्हांस त्यांचे कौतुक वाटते. परंतु अशा नकाराची किंमत असते, आणि ती आता आपण दिली पाहिजे. एक घर पाटी लावू पाहते. हजार घरांनी मूठमूठ दिली तर कोणाचीच पाटी लागत नाही.

सुगी संपत आली आहे. ज्वारीची मळणी झाली की घरटी एक अडशेरी बाजूस काढावी. ज्याची शेती नाही त्या सुतार-लोहार-कुंभाराने जमेल ते दोन-पाच रुपये द्यावेत. मुख्य खर्च एसटीच्या भाड्याचा व तारखेस बुडालेल्या रोजाचा आहे. बायांनो, आणखी एक काम तुमच्याखेरीज कोणास जमणार नाही. ज्या घरचे दळण पारावरच्या मंडळींनी बंद केले, त्या घरचे पायलीभर दाणे आपल्या दळणात मिसळून गिरणीवर न्यावेत आणि पीठ घरी पोचते करावे. गिरणीवाला ओळखणार नाही, आणि ओळखले तरी काही बोलणार नाही. त्यालाही पोरी आहेत. धान्य जमा करण्यास संस्थेची बाई दर बाजारच्या दिवशी सकाळी नऊपासून तालुक्याच्या एसटी थांब्यामागे पोते घेऊन बसते. पोत्यावर कोणाचेही नाव लिहिलेले नाही.